'लेडी बी गुड' तळ ओलांडून वाळवंटात कसं गेलं?

वैशाली_माहीम
नमस्कार. मुलगा नववीत आहे आणि सध्या दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांनी त्याला झपाटलंय. त्याच्यामुळे 'लेडी बी गुड' या अमेरिकन बी-२४ लिबरेटर बॉम्बरबद्दल मीही वाचलं, आणि ते काही डोक्यातून जात नाहीये. ४ एप्रिल १९४३ ला लिबियातल्या सोलुक तळावरून नेपल्सवर बॉम्ब टाकायला निघालं. नऊ जण, या तुकडीची पहिलीच मोहीम. परतताना आपलाच तळ ओलांडून सुमारे ७०० किमी वाळवंटात आत गेलं. लष्कराने समुद्रात बुडालं असं धरलं. १९५८ मध्ये तेल शोधणाऱ्यांना वरून ते वाळूत पडलेलं दिसलं.

मला दोन गोष्टी समजत नाहीत. किनारा मागे पडला हे नऊ जणांपैकी एकालाही कसं कळलं नाही? आणि विमानात पिण्याजोगं पाणी होतं, रेडिओ चालत होता, तर हे लोक नेमके उलट दिशेला का चालत गेले? मुलगा म्हणतो त्यांनी मूर्खपणा केला. मला तसं म्हणवत नाही, पण त्याला उत्तरही देता येत नाही.

रोहन_डोंबिवली
वैशालीताई, पहिल्या प्रश्नाचं थोडक्यात: मध्यरात्र, खाली ढग, मागून वारा. वारा मागून असला की विमान हिशोबापेक्षा पुढे गेलेलं असतं आणि आतल्यांना पत्ता नसतो. अंधारात वरून पाणी काय आणि वाळू काय, दोन्ही काळंच. बाकी रेडिओचं पार्ल्याच्या काकांनी सांगावं, त्यांचा विषय आहे.

मार्कोनी_पार्ले
वैशाली, तुमच्या मुलाला हे जरूर वाचायला द्या. मी आयुष्यभर मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो. खलाशी आम्हाला 'मार्कोनी साब' म्हणायचे. ज्या यंत्राने या लोकांचा घात केला, त्याच जातीचं यंत्र माझ्या केबिनमध्ये होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डीएफ, म्हणजे दिशाशोधक. त्याचा लूप एरियल, म्हणजे कड्यासारखी अँटेना, आपण फिरवत राहतो. कानात सिग्नल मोठा होतो, बारीक होतो आणि एका जागी जवळजवळ नाहीसा होतो. त्याला आम्ही 'नल' म्हणायचो. आवाज ज्या जागी मरतो तिथे दिशा वाचायची. पण लूपला पुढचं-मागचं कळत नाही. अर्धा फेरा आणखी फिरवला की आवाज पुन्हा तसाच मरतो. म्हणजे एका सिग्नलची दोन उत्तरं, एकमेकांच्या बरोब्बर विरुद्ध. खरं कोणतं हे ठरवायला दुसरा, 'सेन्स' एरियल जोडून आवाज कुठल्या बाजूला वाढतो ते ऐकावं लागतं. आम्ही शिकत असताना ही पायरी गाळली की मास्तर वही परत फेकायचे.

आता त्या रात्री बघा. वैमानिक लेफ्टनंट हॅटनने बारा वाजून बारा मिनिटांनी रेडिओवर दिशा मागितली. विमानातलं स्वतःचं यंत्र नीट चालत नव्हतं. बेनिना इथल्या जमिनीवरच्या दिशाशोधक केंद्राने सांगितलं, तुम्ही आमच्यापासून ३३० अंशांवर आहात. ३३० म्हणजे वायव्य, म्हणजे भूमध्य समुद्र. विमान नेपल्सहून येतंय, तर ते वायव्येलाच असणार, सगळं जुळतं! पण विमान तेव्हा केंद्राच्या डोक्यावरून पुढे निघून गेलेलं होतं, १५० अंशांवर, आग्नेयेला. लूपवर ३३० आणि १५० एकच. एकाच केंद्राने मोजलेली दिशा, दुसरं केंद्र ताडून बघायला नाही. आकडा त्यांना जे अपेक्षित होतं तेच सांगत होता, मग शंका कोण घेणार? तळावर विमानाचा आवाज ऐकू आला, प्रकाशाचे फ्लेअरही उडवले गेले, पण वरून कुणाला दिसले नाहीत.

दुसरा प्रश्न जास्त जिव्हारी लागणारा आहे. दोनच्या सुमारास इंधन संपत आलं आणि सगळ्यांनी उड्या टाकल्या. रिकामं विमान आपसूक तरंगत आणखी सुमारे २६ किमी दक्षिणेला गेलं आणि पोटावर जवळपास अख्खं उतरलं. यांना ते दिसलंच नाही. विमान 'सोडून' कुणी गेलं नाही, ते कुठे आहे हेच ठाऊक नव्हतं. आणि रेडिओवरच्या त्या आकड्यामुळे समुद्र जवळच असणार, अशी पक्की समजूत. ज्याला समुद्र उत्तरेला जवळ आहे असं वाटतं, तो वायव्येलाच चालणार. मी त्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. समुद्र होता ६०० किमीहून लांब.

सहवैमानिक टोनरची खिशातली डायरी सापडली. अगदी तुटक नोंदी. आठ जण एकत्र जमले, बॉम्बफेक करणारा वोरावका मिळेना (त्याचं पॅराशूट नीट उघडलंच नव्हतं, हे १९६० मध्ये कळलं). पाण्याची एक बाटली, तीही अर्धी. माणशी दिवसाला एक टोपण पाणी. मागून शोधायला येणाऱ्यांसाठी पॅराशूटच्या पट्ट्या कापून, त्यांवर दगड ठेवून बाण करून ठेवले. गुरुवारी वाळूच्या टेकड्या लागल्या, रेडिओ ऑपरेटर लामॉटचे डोळे गेले. शुक्रवारी शेली, रिप्सलिंगर आणि मूर मदत आणायला पुढे निघाले. शेवटची नोंद १२ एप्रिलची: अजून मदत नाही, रात्र फार थंड. पाच जण जिथे थांबले ती जागा उडी टाकल्यापासून सुमारे १३० किमीवर. शेली त्याच्याही पुढे ३० किमीहून जास्त गेला. एवढ्याशा पाण्यावर! वाळवंटाचे जाणकार हे अशक्य मानत होते.

वैशाली_माहीम
काका, मनापासून आभार. आता मुलाचा पुढचा प्रश्न: मग चूक बेनिनाच्या ऑपरेटरची ना?

मार्कोनी_पार्ले
त्याला म्हणावं, ऑपरेटरच्या खुर्चीत बसून बघ. एकाच वेळी अनेक विमानं परतताहेत, वादळी वाळूमुळे काही अर्ध्यातून फिरलेली, प्रत्येकाला दिशा हवी. विमान समुद्रावरून येणार हे त्यालाही माहीत होतं. सेन्स तपासायला हवा होता, हे खरंच, आणि मी ते कधीच माफ केलं नसतं. पण सगळी जबाबदारी त्या एका पोरावर टाकणं मला पटत नाही. नवी तुकडी, पहिलीच मोहीम, परतताना सोबत दुसरं विमान नाही, चाचपून बघायला दुसरं केंद्र नाही. इतक्या ठिकाणी दोर कच्चा होता.

मेधा_ठाणे
थोडं आपल्याकडचं. लिबरेटर विमानं आपल्या हवाई दलातही होती. ब्रिटिशांनी कानपूरला निकामी करून टाकलेली विमानं एचएएलने दुरुस्त केली आणि ती १९६८ पर्यंत उडत होती. पुण्याला लोहगावच्या ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे समुद्रावरच्या टेहळणीचं काम होतं. माझे आजोबा तिथे ग्राउंड स्टाफमध्ये होते. लिबरेटरच्या पोटात वाकून काम करून पाठ धरायची असं सांगायचे.

आणि हरवलेली माणसं आपल्याकडेही आहेत. 'हॉट अ‍ॅज हेल' नावाचा असाच बी-२४ २५ जानेवारी १९४४ ला चीनमधल्या कुनमिंगहून आसामात चबुआला येताना आठ जणांसह नाहीसा झाला. २००६ मध्ये अरुणाचलच्या डोंगरात त्याचे तुकडे मिळाले. त्यातल्या लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्डची ओळख पटली आणि २०१७ मध्ये जॉर्जियातल्या त्याच्या गावी त्याला पुरलं.

वैशाली_माहीम
मेधाताई, हे माहीतच नव्हतं. आणि काका, 'लेडी बी गुड'चे सगळे मिळाले का?

मार्कोनी_पार्ले
आठ मिळाले, सगळे १९६० मध्ये. आधी ते पाच जण, मग शेली आणि रिप्सलिंगर, शेवटी वोरावका. शेली आणि रिप्सलिंगरबरोबर पुढे गेलेला गनर व्हर्नन मूर अजून मिळालेला नाही.