मदत हवी आहे: आईच्या गुडघ्यात जेलचं इंजेक्शन घ्यावं का? (वय ६८, शुगर आहे)

सईची_आई

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसती वाचत होते, आज गरज पडली म्हणून लिहितेय. लांबलंय जरा, सांभाळून घ्या.

आई ६८ वर्षांची, वजन ७४ किलो, उंची जेमतेम पाच फूट. शुगर दहा वर्षांपासून, गोळ्यांवर आहे, बीपीची एक गोळी चालू. गुडघ्यांची कुरबुर तशी दोन-तीन वर्षं होतीच पण दिवाळीपासून फारच वाढलंय, उजवा जास्त. मांडी घालणं कधीच सुटलं, कमोडही बसवून झाला, आता देवासमोरही स्टुलावर बसते आणि उठताना आधी दोन्ही हात मांडीवर दाबून "विठ्ठला" म्हणते मग उठते. सकाळी पाय आखडलेले असतात ते दहा-पंधरा मिनिटं चाललं की सुटतात, पण जिना म्हटला की डोळ्यात पाणी.

जिना हाच मोठा प्रॉब्लेम आहे. डोंबिवलीला दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, ३४ पायऱ्या (मोजल्यात). भाजी घेऊन येताना आई पहिल्या मजल्यावरच्या काकूंशी पाच-दहा मिनिटं बोलत थांबायची, मला वाटायचं गप्पांची हौस. परवा त्या काकू गावाला गेलेल्या, दाराला कुलूप, आणि ही कुलपासमोर कठडा धरून उभी. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

तर ऑर्थोकडे (हाडांच्या डॉक्टरांकडे) नेलं. एक्स-रे काढला, डॉक्टरांनी तो ट्यूबलाईटसमोर धरला आणि म्हणाले गॅप कमी झालाय, वंगण संपलंय, जेल मारून टाकू, वर्षभर बघायला नको. एका गुडघ्याचे १८ हजार, दोन्ही एकदम केले तर ३४ आणि "या आठवड्यात केलंत तर". हे या आठवड्यातलं काय ते मला कळलं नाही, साडीचा सेल आहे का? एकूण पाच-सात मिनिटांत आम्ही बाहेर. वजनाबद्दल, व्यायामाबद्दल एक शब्द नाही. शुगर आहे का हेसुद्धा मीच सांगितलं.

दादा पुण्याला असतो, तो म्हणतो पैशाकडे बघू नकोस, करून टाक. आई म्हणते सुई नको, ऑपरेशन तर त्याहून नको. पण मे महिन्यात भाचीचं लग्न आहे आणि तिला मांडवात उभं राहायचंय, त्यामुळे मधेच "घेऊन टाकू का गं" पण म्हणते.

कोणी घेतलंय का हे इंजेक्शन, किती दिवस टिकलं, शुगर वाढते का, आणि याने झीज भरून निघते की नुसतं दुखणं दबतं? आमच्या पॉलिसीत हे बसत नाही असं कळलंय, पैसे खिशातूनच जाणार, म्हणून जास्तच विचार चाललाय. एक अजून, हे जेल कोंबड्यापासून बनवतात असं चुलत बहिणीने डोक्यात सोडलंय. आई माळकरी आहे, तिला हे कळलं तर विषयच संपला.

खडीसाखर

ताई, माझ्या सासूबाईंनी दोनदा घेतलंय. पहिल्यांदा डाव्या गुडघ्यात, एकच मोठं इंजेक्शन होतं. पहिले दोन दिवस सूज आली, आम्ही घाबरलो, बर्फाने उतरली. मग तीनेक आठवडे काहीच फरक नाही, घरात सगळे "गेले पैसे" म्हणायला लागले, आणि त्यानंतर हळूहळू छान वाटायला लागलं, सात-आठ महिने बरे गेले, मंदिरात चालत जायच्या. दुसऱ्या वर्षी त्याच गुडघ्यात तेच इंजेक्शन त्याच डॉक्टरांकडे, काही म्हणजे काही उपयोग नाही. त्यामुळे विचारलंस तर मी हो पण म्हणेन आणि नाही पण.

आडवाटेचा_पांथस्थ

निर्गुंडीचा पाला गरम करून बांधा रात्री, आमच्या आजीने नव्वदीपर्यंत तेच केलं. इंजेक्शनच्या नादी लागू नका, सगळा धंदा आहे.

दुसरा_मजला

पाल्याने शेक मिळतो, बरं वाटतं, करायला हरकत नाही. पण शुगरवाल्यांना पायाला कमी कळतं कधीकधी, जास्त गरम लावलं तर भाजेल, जपून.

मी फिजिओ आहे, कोल्हापूरला प्रॅक्टिस. मी ऑर्थो नाही त्यामुळे आईंना तपासल्याशिवाय घ्या किंवा घेऊ नका असं सांगणार नाही, पण तुम्ही जे विचारलंय त्यातलं मला माहीत आहे ते लिहितो.

आधी "वंगण". या जेलमध्ये हायलुरोनिक ॲसिड असतं, आपल्या सांध्यातल्या पाण्यात ते मुळातच असतं आणि झीज झाली की ते पातळ होतं. म्हणून बाहेरून भरायचं अशी कल्पना. पण सायकलच्या चेनला तेल घातलं की ते तिथेच राहतं तसं हे नाही, भरलेलं जेल काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत सांध्यातून निघून जातं. मग ज्यांना फायदा होतो त्यांना महिने कसा होतो? तर ते आतली सूज-जळजळ थोडी शांत करत असावं असं मानतात. झिजलेली गादी मात्र भरून येत नाही, कुठल्याच इंजेक्शनने नाही. वर्षभराची हमी कोणी देऊ शकत नाही, लागू पडलं तर साधारण सहा महिने धरा.

आता लागू पडतं का. २०२२ साली बीएमजे या ब्रिटिश मासिकात या विषयावरच्या १६९ चाचण्या एकत्र करून बघितल्या, २१ हजारांवर पेशंट. खऱ्या इंजेक्शनात आणि खोट्यात (म्हणजे नुसतं सलाईन वगैरे) दुखण्याचा फरक निघाला १०० मिलीमीटरच्या पट्टीवर सुमारे २ मिलीमीटर. पेशंटला जाणवेल इतका तो नाही असं त्यांचं म्हणणं. म्हणजे लोकांना बरं वाटतं हे खोटं नाही, पण साधं सलाईन टोचूनही बऱ्यापैकी बरं वाटतं, ही गंमत आहे. अमेरिकेतल्या ऑर्थो सर्जनांच्या संघटनेने २०२१ मध्ये सरसकट वापर नको म्हणून लिहिलंय. पण सगळे एकमताचे नाहीत, ओआर्सी (OARSI) नावाची सांधेदुखीवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे तिने २०१९ मध्ये काही पेशंटना देऊन बघायला हरकत नाही असं म्हटलंय. त्यामुळे देणारा डॉक्टर लबाडच असं समजू नका. "या आठवड्यात" म्हणणाऱ्याबद्दल मी काही बोलत नाही.

शुगर: नुसत्या जेलने वाढत नाही. स्टेरॉईडच्या इंजेक्शनने वाढते, काही दिवस चांगलीच वाढू शकते. आणि कधीकधी जेलबरोबर स्टेरॉईडही देतात, तेव्हा "नुसतं जेल आहे ना?" हे तोंडावर विचारा.

कोंबडा: बहीण खोटं बोलत नाहीये. काही ब्रँडचं जेल खरंच कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढतात, काहींचं जिवाणूंपासून, दही-ताकासारखं आंबवून म्हणा. अंड्या-कोंबडीची ॲलर्जी असणाऱ्यांनाही हे विचारावं लागतं. खोक्यावर किंवा आतल्या कागदावर लिहिलेलं असतं, आधी खोकं मागून बघा.

आता माझा प्रश्न. एक्स-रे उभं करून काढला की झोपवून? झोपवून काढला असेल तर गॅप असते त्यापेक्षा जास्त दिसते, वजन पडतच नाही ना. ग्रेड सांगितली का? १ ते ४ अशी असते, ४ म्हणजे हाडाला हाड लागलेलं, तिथे जेलकडून फार अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

लेस्टरकर

इकडे इंग्लंडमध्ये सरकारी दवाखान्यात हे सहसा देत नाहीत, नाइसच्या (कोणते उपचार द्यायचे हे सांगणारी इथली सरकारी संस्था) २०२२ च्या गाईडलाईनमध्ये स्पष्टच आहे की देऊ नका. माझ्या बाबांना जीपीने (म्हणजे फॅमिली डॉक्टरने) काय दिलं, तर व्यायामाचा कागद आणि चोळायचं जेल. बाबा चिडले, म्हणाले याच्यासाठी मी अपॉइंटमेंटला एवढं थांबलो? पण गंमत म्हणजे चोळायच्या जेलने बरं वाटलं. (दोन्हीला जेलच म्हणतात त्यामुळे फोनवर आमच्या आत्याचा केवढा गोंधळ झाला, ती म्हणे चोळायचं ते टोचतात कशाला.)

सईची_आई

बाप रे, इतकं कोणी सांगितलंच नव्हतं. खूप आभार. एक्स-रे झोपवूनच काढला होता! टेबलवर चढताना आईला मीच हात दिला म्हणून पक्कं आठवतंय. ग्रेड कागदावर कुठेच नाही.

दुसरा_मजला, चोळायचं जेल शुगर-बीपी असताना चालतं का? आणि ती पेनकिलर घेते अधूनमधून, मेडिकलमधून आणून, मला लपवून. मला रिकामी पट्टी उशीखाली सापडली.

दुसरा_मजला

डायक्लोफिनॅकचं (हे दुखणं-सूज कमी करणारं औषध) चोळायचं जेल रक्तात फार कमी जातं, म्हणून गुडघ्यासाठी गोळीच्या आधी तेच सुचवतात, तरी एकदा फिजिशियनला विचारून घ्या. लपवून घेतलेल्या पट्टीची मात्र मला काळजी वाटते. शुगर अधिक बीपी अधिक रोजची पेनकिलर म्हणजे किडनीवर तिहेरी भार. ती पट्टी फिजिशियनला दाखवा आणि क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ताची तपासणी) बघून घ्या. आईंना रागावू नका, दुखतं म्हणूनच घेतात.

व्यायाम लिहितो, हा आजपासून चालू करता येईल. पलंगावर पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघ्याने ती खाली दाबायची, मनात दहा म्हणेपर्यंत धरायची, सोडायची, असं दहा वेळा सकाळ-संध्याकाळ. पाच-सहा दिवस जमलं की पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. मग खुर्चीतून हात न टेकता उठणं, आधी खुर्चीवर उशी ठेवून उंच करा. मांडीचा पुढचा स्नायू हाच गुडघ्याचा खरा पट्टा आहे, तो बारीक झाला की सगळा भार सांध्यावर. पहिला आठवडा थोडं जास्त दुखेल, तिथेच सगळे सोडून देतात. आणि वजन: एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार कमी होतो. तीन-चार किलो म्हणजे किती होतात बघा.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात.

वाटाण्याची_उसळ

माझे दोन्ही गुडघे बदललेत, चार वर्षं झाली, वय तेव्हा ६६. त्याआधी मी जेल, पीआरपी (आपलंच रक्त फिरवून टोचतात ते), पट्टे, चुंबकाची गादी, सगळं केलं. हिशोब केला तर सव्वा लाख त्यातच गेले. ऑपरेशनला इतकी घाबरले होते की पाच वर्षं काढली, आणि आता वाटतं ती पाच वर्षं फुकट गेली. पण माझे ग्रेड ४ होते, तुझ्या आईचे काय आहेत ते आधी कळू दे. इम्प्लांटचे (आत बसवतात त्या कृत्रिम सांध्याचे) भाव सरकारने २०१७ मध्ये बांधून दिले, नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमवाल्याला तेव्हा ५४,७२० अधिक जीएसटी ठरला होता. पूर्वीसारखं काहीही सांगत नाहीत, तरी बिलात इम्प्लांटची ओळ वेगळी मागून घ्यायची.

अजून एक, पुढे ऑपरेशन करायचंच ठरलं तर इंजेक्शननंतर तीन महिने थांबवतात, इन्फेक्शनची भीती असते म्हणून. मला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं, तारीख पुढे गेली.

आणि इंजेक्शन घेतलंच तर नंतर ताप आला, गुडघा लाल-गरम झाला, पाय टेकवेना तर बर्फ लावत घरी बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना.

आडवाटेचा_पांथस्थ

पाला बांधून बघितला का?

सईची_आई

पांथस्थ, बांधला हो. कोमटच. आईला आवडलं, खोलीभर वास सुटलाय.

बाकीच्यांसाठी अपडेट. दुसरीकडे दाखवलं, उभं करून एक्स-रे काढला. डावा ग्रेड २, उजवा ३, झीज जास्त करून आतल्या बाजूला. दोन एक्स-रे शेजारी शेजारी ठेवून बघितले तर उजवा जणू वेगळ्याच बाईचा वाटतो. या डॉक्टरीणबाईंनी पलंगावर झोपवून मांडीचा घेर टेपने मोजला, उजवी मांडी दीड सेंटीमीटरने बारीक भरली. म्हणाल्या डाव्याला आत्ता काहीच टोचायचं नाही, उजव्याला हवं तर नंतर बघू पण आधी सहा ते आठ आठवडे व्यायाम, चोळायचं जेल आणि तीन किलो वजन. मी विचारलं लग्नापर्यंत? तर म्हणाल्या मांडवात खुर्ची असतेच की, वराकडच्यांना सांगा आमच्या आत्याबाई बसूनच आशीर्वाद देतात. आई हसली. बऱ्याच दिवसांनी दवाखान्यात हसली.

पेनकिलरची पट्टी तिथे टेबलावर मीच काढून ठेवली, आईने माझ्याकडे असं बघितलं की बस. क्रिएटिनिन ठीक आलंय, सुटले. दादाला सगळं फोनवर सांगितलं, तो म्हणतो मग ३४ हजारांचं काय करायचं, मी म्हटलं आधी हे सहा-आठ आठवडे व्यायाम होऊ दे.

टॉवेलचा व्यायाम नववा दिवस. मोजणी दहाऐवजी हरिपाठाच्या एका ओळीवर चालते, चालू दे.

आता अडलंय ते काठीवर. काठी म्हटलं की "मी काय म्हातारी आहे का" सुरू. शेवटी बाबांची जुनी वेताची काठी माळ्यावरून काढली, ती "यांची आहे" म्हणून हातात घेतली तरी. पण तिचं खालचं रबर पार फाटलंय, फरशीवर सरकते, पडली तर काय घ्या. नुसतं रबर वेगळं मिळतं का कुठे?

खडीसाखर

मिळतं गं, सर्जिकलच्या दुकानात. नाहीतर मोठ्या मेडिकलमध्ये विचार. काठीच घेऊन जा मापाला, अंदाजाने आणू नकोस, सैल झालं की निघून येतं. आणि लांबी पण बघून घे, बाबा उंच होते का?