पोरीला काय सांगू? माझी गोळी चालू आहे

सक्करदऱ्याचा_बाबा
नमस्कार मंडळी. ब्राऊन शुगर (हेरॉईनची नशा) सोडून सात महिने झाले, तिची तलफ थांबवणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी चालू आहे, आठवड्याच्या गोळ्या एकदम घरी मिळतात. सकाळी जिभेखाली ठेवायची अन् विरघळेपर्यंत बोलायचं नाही. बायको पहाटेच ड्युटीवर जाते म्हणून डबा, वेणी, ऑटो सगळं माझ्याकडं. पोट्टी सहा वर्षांची, नेमकी तेव्हाच रिबिन घेऊन मांडीत येऊन बसते अन् विचारते, बाबा बोलून काऊन नाही राहिले? मी दाताकडं बोट दाखवतो. आता तिनं शाळेत बाईंना सांगितलं का माझ्या बाबांचे रोज दात दुखतात. वहिनी म्हणते एक नशा सोडली अन् दुसरी धरली, पोरीला आमच्याकडं ठेवा. खोटं बोलायचं नाही पण एवढ्या लेकराला सांगू तरी काय?

इंदोऱ्याची_आई
दादा, मला कोडीनच्या, म्हणजे खोकल्याच्या नशा येणाऱ्या सिरपची सवय होती. बाईमाणूस असल्यानं दोन वर्ष कोणाला कळूच दिलं नाही, उपचाराला जायची पण लाज. पोराला शेवटी एवढंच सांगितलं, आईला एका औषधाची सवय लागून ती आजारी पडली, आता डॉक्टर बरं करून राहिले, अन् यात तुझी काही चूक नाही. हे शेवटचं पुन्हा पुन्हा सांगजा. माझा नऊ वर्षांचा, रात्री पांघरुणात तोंड खुपसून म्हणाला, मी गणितात नापास झालो म्हणून तू प्यायची का. अजून ते आठवलं का पोटात कालवते. आणि 'आता कधीच नाही' असं वचन देऊ नका हो, 'आज शाळा सुटली का मी गेटवर असेन' असं द्या अन् पाळा.

मानेवाडा_सिस्टर
मी नर्स आहे, आधी हे सांगा, आठवड्याच्या गोळ्या ठेवता कुठं? फ्रिजवर, उशीखाली, देवघरात चालणार नाही, कुलपाचाच डबा पाहिजे. लहान लेकराच्या पोटात एक गोळी गेली तरी श्वास मंदावू शकतो, जिवावर बेतते. कधी तोंडात गेलीच तर पोरगी खेळून राहिली म्हणून वाट पाहू नका, लगेच 108.
वहिनींना सांगा, ठरलेल्या डोसला ही गोळी किक देत नाही, तलफ अन् अंगदुखी थांबवते म्हणूनच तर तुम्ही सकाळी उठून वेणी घालू शकता. लोकांच्या बोलण्यावरून मधेच बंद करू नका, शरीराची जुनी सवय मोडलेली असते, परत ब्राऊन शुगर पहिल्याएवढी घेतली तर माणूस जाऊ शकतो. डोस कमी करायचा तो डॉक्टरच ठरवतील.
कोणी आई लेकरामुळं भरती व्हायला घाबरत असेल तर, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे आजारही येतात, अन् भरती आईपासून तीन वर्षांखालचं लेकरू साधारणपणे वेगळं करायचं नाही असं त्यात लिहिलेलं आहे. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446, फुकट आहे.

सक्करदऱ्याचा_बाबा
ताई, गोळ्या शर्टाच्या खिशात राहायच्या, खुंटीला. वाचून हातपाय गार पडले. लगेच पत्र्याच्या पेटीत टाकल्या, चावी माझ्याजवळच.
आज सकाळी गोळी ठेवायच्या आधीच पोरीला सांगितलं. तिनं विचारलं, सुई टोचतात का? नाही म्हटलं. मग गोळी विरघळेपर्यंत मी वेणी घातली अन् तीच बडबड करत राहिली. बाईंना दाताचं काय ते उद्या मी स्वतः जाऊन सांगतो.