विषप्राशन, विषबाधा आणि ‘औषध घेतलंय’

प्रश्न: सोलापूर जिल्ह्यातल्या आरोग्य उपकेंद्रांत लावायला पत्रक करतेय. ‘विषप्राशन’ लिहू की ‘विषबाधा’?

प्रतिसाद: अर्थ वेगळे आहेत, ताई. विषबाधा म्हणजे विषाचा शरीरावर झालेला परिणाम. ती लग्नाच्या जेवणातून होते, फवारताना कातडीतूनही होते. विषप्राशनात ‘स्वतःहून घेतलं’ हे आलंच. प्राशन आता पिण्यापुरतं उरलंय, पण अन्नप्राशनात खाणंच आहे, म्हणून गोळ्यांनाही तो शब्द चालतो. पत्रकावर मात्र ‘पोटात गेलं’ लिहा. त्यात हेतूची चौकशी नाही. पोलिसांच्या धास्तीने घरचे काय घेतलं तेच लपवतात आणि उपचार चुकतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं ११५ वं कलम आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरतं आणि त्याची काळजी घेणं सरकारवर सोपवतं.

प्रतिसाद: खरा घोळ ‘औषध’ शब्दाचा आहे. द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात फवारायचं तेही औषध, तापाचं तेही औषध. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत ‘पुरुगुल मंदु’, म्हणजे किड्यांचं औषधच. ‘औषध घेतलंय’ ऐकलं की लगेच विचारा: फवारणीचं, उंदराचं की गोळ्या? किती वाजता? बाटली सोबत न्या. लेबलवर घटकाचं नाव असतं, त्यावरून डॉक्टर उतारा ठरवतात. नुसतं ‘उतारा’ लिहू नका, इथे सातबारा आठवतो. ‘विषावरचा उतारा’ लिहा. प्रत्येक विषाला तो नसतो. ऑर्गनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटाला ॲट्रोपिन आहे, तेही दवाखान्यातच द्यायचं.

प्रश्न: ‘मीठपाणी पाजून ओकारी काढा’ हे वाक्य जुन्या पत्रकात आहे.

प्रतिसाद: खोडाच! शुद्ध हरपत असली की ओकारी श्वासनलिकेत जाते. बऱ्याच कीटकनाशकांत रॉकेलसारखा द्रावक असतो, तो फुप्फुसात उतरला की तिथे सूज येते. जास्त मिठाने रक्तातलं सोडियम धोकादायक वाढतं. त्याऐवजी: डाव्या कुशीवर निजवा, १०८ ला फोन करा. अंगावर सांडलं असेल तर हातमोजे घालून कपडे काढा, साबण-पाण्याने धुवा.

प्रतिसाद: ‘आत्महत्येचा प्रयत्न फसला’ही काढा. माणूस वाचला, त्यात फसलं काय? आणि ‘मनात आणलं की कुणी अडवू शकत नाही’ हे वाक्य तर खोटंच आहे. पुष्कळदा तो भर थोड्या वेळाचा असतो, त्या वेळी बाटली हाताशी नसणं फार मोलाचं. श्रीलंकेने १९९५ पासून जहाल कीटकनाशकं बंद करत नेली, तेव्हा दहाएक वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. म्हणून ‘फवारणीचं औषध घरात ठेवू नका, कुलपात ठेवा’ ही ओळ ठळक अक्षरात घ्या. खाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर द्या: १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.