मदत हवी आहे: सिंगापूर क्रूझ, ड्रिंक पॅकेज आणि ‘सगळं धरून’ भाडं घ्यावं का?

बडोद्याची_सून

नमस्कार मंडळी. मे महिन्यात सिंगापूरहून रॉयल कॅरिबियनची ४ रात्रींची पेनांग-फुकेत क्रूझ ठरते आहे. आम्ही सात जण: आम्ही दोघं आणि १३ वर्षांची मुलगी, दीर-जाऊबाई, सासूबाई-सासरे. केबिन तीन. बडोद्याच्या अलकापुरीतल्या एका एजंटने दोन भाव दिलेत. एक साधं भाडं. दुसऱ्यात प्रत्येक मोठ्या माणसामागे ३८,००० रुपये जास्त, पण त्यात डिलक्स ड्रिंक पॅकेज (रोजचा ठरावीक दर भरून दारूसकट सगळी पेयं), वायफाय आणि टिप्स धरलेल्या. मुलीचं भाडं दोन्हींत सारखंच. तो म्हणतो, वेगवेगळं घेतलंत तर माणशी ४५,००० च्या वर जाईल, आणि एका फाइलमधल्या, म्हणजे एका बुकिंगमधल्या, एकाने पॅकेज घेतलं की सगळ्यांना घ्यावंच लागतं.

पिण्याचं खरं चित्र असं: मिस्टर संध्याकाळी दोन बिअर, एखादी कॉफी. दीर रोज तीन व्हिस्की आणि दोन बिअर, एक कॉफी. जाऊबाई आणि मी घेत नाही, ज्यूस-मॉकटेल कधीतरी. सासूबाई-सासऱ्यांना फक्त चहा, तोही आपल्यासारखा उकळलेला. मुलीला कोल्ड्रिंक. कंपनीच्या साइटवर आमच्या तारखेला डिलक्स पॅकेज ७५ डॉलर रोज दिसतंय. घरात दोन तट पडलेत, म्हणून विचारते: काय करावं?

हिशेबनीस

ताई, एजंटची बेरीज चुकीची नाही. त्याने जे मोजलंय त्यातलं तुम्हाला काय लागणार, एवढंच बघायचं आहे.

आधी त्याचाच हिशेब मांडू. डॉलर ९० रुपये धरतो. साइटवरचे ७५ डॉलर पूर्ण नाहीत, त्यावर १८ टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे बारच्या सेवेची टिप, लागते. म्हणजे रोजचे ८८.५०, चार रात्रींचे ३५४ डॉलर, ३१,८६० रुपये. टिप्स साध्या केबिनला माणशी रोज १८.५० डॉलर, चार दिवसांचे ७४, म्हणजे ६,६६०. वायफाय रोजचं २० डॉलर धरलं तर ७,२००. एकूण ४५,७२०. ३८,००० शी तुलना केली की माणशी ७,७२० वाचल्यासारखे दिसतात. मोठी माणसं सहा, म्हणून जास्तीचे मोजायचे २,२८,०००.

आता हेच तुमच्या माणसांवर लावा. जहाजावर बिअर साधारण ८.५०, व्हिस्कीचा पेग १२, चांगली कॉफी ५ डॉलर. प्रत्येकावर पुन्हा १८ टक्के. म्हणजे बिअर १०.०३, व्हिस्की १४.१६, कॉफी ५.९०. मिस्टरांचे रोजचे होतात २५.९६. दिरांचे ६८.४४. दोघेही ८८.५० च्या खाली. दोघांचे मिळून चार दिवसांचे ३७७.६० डॉलर, सुमारे ३४,००० रुपये. दोघांसाठी पॅकेज घेतलंत तर ६३,७२०.

टिप्स चुकत नाहीत, त्या सहा जणांच्या ३९,९६० धरा. वायफाय दोन फोनांना पुरे, १४,४००. तीन आकडे मिळून ८८,३४४ रुपये होतात, आणि एजंट मागतोय २,२८,०००. मुलीच्या टिप्सचे ६,६६० दोन्हीकडे वेगळेच आहेत, ते त्याच्या कोटेशनमध्ये कुठे धरलेत ते विचारा. मुलांनाही टिप लागते.

डिलक्स पॅकेज वसूल व्हायला त्या दरात रोज सात व्हिस्की किंवा नऊ बिअर लागतात. पेनांग आणि फुकेतच्या दिवशी तुम्ही सहा-आठ तास जमिनीवर असाल, तिथे पॅकेज चालत नाही. हे दोन दिवस वजा करून मग ठरवा.

डेक_बारा

वरचा हिशेब मान्य. फक्त एजंटचं ‘एका फाइलमधले सगळे’ हे वाक्य खोडून काढायला हवं, कारण त्यावरच त्याचा सगळा डोलारा उभा आहे. नियम केबिनचा आहे, फाइलचा नाही. एका केबिनमधल्या एका प्रौढाने दारूचं पॅकेज घेतलं की त्याच केबिनमधल्या बाकीच्या प्रौढांना ते घ्यावं लागतं. सासूबाई-सासऱ्यांची केबिन वेगळी, त्यांचा यात काहीच संबंध नाही.

आणखी एक: प्रौढ कोण, हे बंदरावर ठरतं. अमेरिकेतून निघणाऱ्या जहाजांवर दारूचं वय २१, सिंगापूरहून निघणाऱ्यांवर १८. तुमची मुलगी १३ ची म्हणून प्रश्न नाही, पण कॉलेजातला भाचा वगैरे वाढला तर तो या नियमात प्रौढ.

दिरांना पॅकेज हवंच असेल, मोकळेपणाने प्यायचं असेल, तर बुकिंग करतानाच दोघे भाऊ एका केबिनच्या नावावर टाका आणि तुम्ही, जाऊबाई, मुलगी दुसऱ्या केबिनवर. झोपायला आपापल्या खोलीत. जहाजावर गेस्ट सर्व्हिसेसला दुसऱ्या केबिनचं जादा कार्ड मागता येतं. दोन केबिन शेजारी-शेजारी घ्या. एक गोष्ट मात्र विसरू नका: संकट आलं तर जमायची जागा, म्हणजे मस्टर स्टेशन, ज्याच्या त्याच्या कार्डावर छापलेलं असतं आणि ते नावावरच्या केबिनप्रमाणे असतं. प्रत्येकाने स्वतःच्या कार्डावरचं स्टेशन पाहून ठेवायचं, खोलीतल्या जोडीदाराचं नाही.

केबिन बदलायच्या नसतील तर, जाऊबाई घेत नाहीत म्हणून त्यांना डिलक्सऐवजी बिनदारूचं रिफ्रेशमेंट पॅकेज चालेल का, असं कंपनीला फोन करून विचारता येतं. काही वेळा देतात. हमी धरू नका, आणि दिलं तर ईमेलवर लेखी घ्या.

बडोद्याची_सून

हे फाइल-केबिनचं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. धन्यवाद! रिफ्रेशमेंट पॅकेज मी आणि जाऊबाई घेतलं तर? आणि मुलीसाठी सोडा पॅकेज?

मांजलपूरकर

आधी फुकट काय मिळतं ते बघा, मग ठरवा. बुफेत साधं पाणी, लेमनेड, आइस टी, साधी कॉफी, टी-बॅगचा चहा, दूध दिवसभर. सकाळच्या नाश्त्याला मशीनमधला संत्र्या-सफरचंदाचा ज्यूस. हे सगळं भाड्यातच आहे. पैसे पडतात ते ताज्या रसाला, कॅफेतल्या कापुचिनोला, बाटलीबंद पाण्याला, कोल्ड्रिंकला आणि मॉकटेलला.

रिफ्रेशमेंटचा दर तारखेप्रमाणे हलतो. तुम्हाला ३२ डॉलर दिसला तर १८ टक्के धरून ३७.७६. मॉकटेल ८ चं, धरून ९.४४. म्हणजे रोज चार मॉकटेल प्यायलात तर वसूल. कधीतरी पिणाऱ्याला कधीच होणार नाही.

मुलीसाठी दुसरा मार्ग आहे. जहाजावर चढायच्या दिवशी हँडबॅगेत प्रत्येक केबिनमागे बिनदारूच्या १२ छोट्या बाटल्या किंवा कॅन नेता येतात, प्रत्येक ५०० मिलीच्या आतला. सिंगापूरच्या सुपरमार्केटमधून घ्या. चेक-इनच्या मोठ्या बॅगेत टाकू नका, ती स्कॅनरला अडते आणि रात्रीपर्यंत केबिनला येत नाही. प्रौढ माणशी ७५० मिली वाइनची एक बाटलीही त्याच दिवशी चालते. व्हिस्की, बिअर नाही.

सासऱ्यांच्या चहाचं: चहा-साखर-दूध एकत्र असलेले प्रीमिक्सचे सॅशे न्या, वाघ बकरीचे घेतलेत तर मसाला चहाचेही मिळतात. बुफेत गरम पाणी चोवीस तास नसलं तरी पहाटेपासून मिळतं. घरची इलेक्ट्रिक किटली किंवा पाणी तापवायची कॉइल नेऊ नका. आगीच्या भीतीने त्यावर बंदी आहे, सुरक्षा तपासणीत काढून घेतात आणि उतरताना परत देतात. एक्स्टेन्शन बोर्डाचंही तेच.

हिशेबनीस

वायफायबद्दल राहिलं होतं. एका डिव्हाइसचं पॅकेज घेतलं तरी ते एका फोनवरून लॉगआउट करून दुसऱ्यावर चालवता येतं, फक्त एका वेळी एकच. म्हणून सहा माणसांना सहा घ्यायची गरज नाही. कंपनीचं ॲप जहाजाच्या नेटवर्कवर वायफाय पॅकेजशिवायही चालतं. जेवणाची वेळ, कार्यक्रम, बिल त्यात दिसतं.

फोन मात्र जहाज सुटताच सगळ्यांनी एअरप्लेन मोडवर टाका, सासूबाईंचा सुद्धा. समुद्रात फोन जहाजाचं सॅटेलाइट मोबाइल नेटवर्क पकडतो. ते सिंगापूर-थायलंडच्या रोमिंग पॅकमध्ये धरलेलं नसतं, आणि बिल भारतात परतल्यावर येतं. वाचलेले सगळे पैसे एका रात्रीत तिकडे जाऊ शकतात.

बडोद्याची_सून

एजंट आता म्हणतो, साध्या भाड्यावर केबिनमागे १०० डॉलर ऑनबोर्ड क्रेडिट (जहाजावर खर्चायची रक्कम) देतो. आणि साइटवर पॅकेजचे दर उतरतात तेव्हा घ्या असं एकाने सांगितलं. हे खरं का?

डेक_बारा

क्रेडिट घ्या, पण ते परत मिळणारं की न मिळणारं, ते विचारा. न मिळणारं असेल तर शेवटच्या रात्री उरलेलं शून्य होतं. ते जहाजावर उघडणाऱ्या बिलातून वळतं; आधी साइटवर घेतलेल्या वायफायला किंवा पॅकेजला लागेल का, ते विचारून घ्या. तुमच्या बाबतीत हे सोयीचं आहे: मिस्टर-दिरांच्या बिअर-व्हिस्कीचं सुट्टं बिल त्यातून बरंच फिटेल. दोघा भावांच्या दोन केबिनचे २०० डॉलर आले तर ३७७.६० मधले निम्म्याहून जास्त निघाले. फक्त क्रेडिट ज्या केबिनवर, त्याच केबिनच्या कार्डांना ते लागतं. सासूबाईंच्या केबिनचं क्रेडिट त्यांच्या कार्डावर फोटो, मुलीचं कोल्ड्रिंक असं वापरा.

दर उतरतात, हे खरं. जहाजावर घेतलं की सगळ्यात महाग, साइटवर आधी घेतलं की स्वस्त, सेलला आणखी स्वस्त. आधी घेतलेलं रद्द करून कमी दरात पुन्हा घेता येतं. पण आपल्याकडच्या कार्डावर हे फुकट नाही. बऱ्याच क्रेडिट कार्डांना परकीय चलनावर ३.५ टक्के मार्कअप (बँकेचा जादा आकार) आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. १,००० डॉलरमागे ३,७१७ रुपये. रद्द केल्यावर परतावा त्या दिवशीच्या दराने येतो आणि मार्कअप परत येईलच असं नाही. दोन-तीन डॉलरच्या फरकासाठी रद्द-पुन्हा करू नका. फरक दहा डॉलर रोजचा असेल तर करा.

कारेलीबागकर

पैसे देण्याबद्दल दोन गोष्टी. जहाजावरच्या खात्याला क्रेडिट कार्ड जोडा, डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड नको. खर्च होईल तसतशी रक्कम अडवून ठेवतात आणि ती अडकलेली रक्कम मोकळी व्हायला उतरल्यावर बरेच दिवस लागतात. विमानतळावर पैशांची गरज असते तेव्हाच फॉरेक्स कार्ड रिकामं दिसतं.

दुसरं: एजंट विमान आणि क्रूझ एकत्र देत असेल तर ते परदेश सहलीचं पॅकेज धरून त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच वसूल होणारा आयकर, घेतो. टीसीएस विवरणपत्रात वळता होतो, बुडत नाही, पण तोपर्यंत पैसे अडकतात. ‘सगळं धरून’ भाड्यात दारू, वायफाय, टिप्स हे सगळं त्या पॅकेजच्या रकमेत गेलं, म्हणजे टीसीएसही तेवढ्यावर जास्त. बिल ज्याच्या पॅनवर करायचं ते आधीच ठरवा. विवरणपत्र भरणाऱ्याच्याच पॅनवर करा आणि आयकर पोर्टलवर त्याच्या खात्यात रक्कम चढली का ते पाहा.

बडोद्याची_सून

ठरलं. साधं भाडं, क्रेडिट, दोन वायफाय, टिप्स आधी भरून, पॅकेज कुणालाच नाही. दीर तयार आहेत, फक्त विचारतायत की जहाजावरच्या दुकानातून बाटली स्वस्त मिळते, ती घेऊन केबिनमध्ये प्यायली तर? आणि एक घरी आणली तर?

मांजलपूरकर

केबिनमध्ये नाही. जहाजावरच्या दुकानातली बाटली दुकानच ठेवून घेतं, फुकेतहून आणलेली गँगवेवर (जहाजात चढायच्या वाटेवर) जमा करून घेतात, आणि दोन्ही शेवटच्या रात्री किंवा सकाळी देतात.

घरी आणण्याचं स्पष्ट सांगतो. कस्टम्सला माणशी दोन लिटर चालतात, म्हणून विमानतळावर अडचण येणार नाही. पण आपण गुजरातेत राहतो. परवान्याशिवाय बाटली जवळ बाळगणं इथे गुन्हा आहे, ती ड्युटी फ्रीची आणि पावतीसकट असली तरी. मुंबईला उतरून गाडीने येणार असाल तर गुजरातच्या हद्दीवर भिलाडला गाडी तपासली जाऊ शकते, आणि गाडीत सासू-सासरे, मुलगी बसलेली असतील. दिरांकडे परमिट नसेल तर बाटली घेऊच नका.

हिशेबनीस

बारमध्ये पावतीवर सही करताना खाली जादा टिपची रिकामी ओळ असते. १८ टक्के आधीच वर धरलेले असतात, ती ओळ आडवी रेघ मारून सोडा. दोघा भावांना हे आधीच सांगून ठेवा. आणि रोज रात्री ॲपमध्ये तिन्ही केबिनचं बिल बघा. चुकीची नोंद त्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसेसला दाखवली तर लगेच काढतात, शेवटच्या सकाळी तिथे मोठी रांग असते.