आईने नाकारलेले करडू माणसामागे फिरते, ते इम्प्रिंटिंगच का?

प्रश्न : शेळीपालक, चोपडा तालुका
ऐन थंडीत आमच्या शेळीला जुळी करडे झाली. त्यांतले एक फार अशक्त होते, म्हणून शेळी व्यायल्याबरोबर ते चुलीपाशी शेकायला आणले आणि अंग कोरडे करून सकाळी गोठ्यात नेले, तर शेळीने त्याला हुंगून ढुशी मारली. दुसऱ्याला मात्र ती नीट पाजते. आता हे करडू, बाटलीने दूध पाजणाऱ्या माझ्या मुलीमागे अंगणभर फिरते. बदकाच्या पिलांचे जे इम्प्रिंटिंग, म्हणजे जन्मताच मनावर उमटणारा आईचा ठसा, सांगतात, ते हेच का? शेळी त्याला पुन्हा जवळ करील का?

उत्तर : प्राणिशास्त्राच्या शिक्षिका, जळगाव
भाऊ, येथे दोन वेगळ्या गोष्टी घडल्या आहेत. अंड्यातून निघताच चालू लागणारी पिले पहिल्या काही तासांत समोर हलणाऱ्या वस्तूला आई मानतात. डग्लस स्पाल्डिंग यांनी १८७३ मध्ये कोंबडीच्या पिलांबाबत हे नोंदवले आणि कोनराड लोरेन्झ यांनी १९३५ मध्ये हंसांच्या पिलांवरून त्याची सविस्तर मांडणी केली. बदकांत हा ठसा तेराव्या ते सोळाव्या तासाच्या सुमारास सर्वांत पक्का उमटतो, असे एकहार्ड हेस यांना आढळले.

शेळीत मात्र घाईची ओळख आईला करून घ्यायची असते. विताना तिच्या मेंदूत ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते, ती गर्भजलाने भिजलेले करडू चाटते आणि तेवढ्यात त्याचा वास तिच्या मनात कायम होतो. १९६४ च्या क्लॉफर यांच्या प्रयोगात जन्मानंतर केवळ पाच मिनिटे करडू आईजवळ राहिले, तरी पुढे काही तास दूर ठेवूनही तिने ते स्वीकारले. ती पाच मिनिटे न मिळालेली करडे तासाभरानेच बहुतेक आयांनी नाकारली. तुमच्याकडे हेच झाले असावे. मुलीमागे फिरणे हे दूध, ऊब आणि सहवासातून हळूहळू जडलेले प्रेम आहे. बदकाइतके ते झटपट ठरलेले नाही.

उत्तर : शेळीपालक, शिरपूर
दादा, शेळीला आखूड बांधून दिवसातून अनेकदा करडाला तिच्या सडाला लावा. तिचेच दूध त्याच्या पाठीवर आणि शेपटीखाली चोळा, कारण ती तिथेच हुंगते. दोन्ही करडे एकत्र झोपू द्या. काही शेळ्या मानतात, काही अजिबात मानत नाहीत. पुढच्या वेळी करडू शेकायला नेण्याआधी, थोडा वेळ का होईना, आईला चाटू द्या. थंडी फारच असेल तर शेकोटी गोठ्याजवळ आणा.

उत्तर : प्राणिशास्त्राच्या शिक्षिका, जळगाव
करडू नर असेल तर त्याला एकटे वाढवू नका. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंढीची पिले शेळ्यांकडे आणि शेळीची मेंढ्यांकडे वाढवली होती. मोठेपणी नरांची ओढ तीन वर्षे स्वजातीत राहूनही पालक आईच्या जातीकडेच राहिली. माद्या एक-दोन वर्षांत स्वजातीकडे वळल्या. म्हणून बाटली चालू असली, तरी करडाचा दिवस कळपातच जाऊ द्या.