मदत हवी आहे : काजूची ॲलर्जी असलेल्यांसाठी गांजाच्या ब्राउनी

टोरंटोत घरी ब्राउनी करायच्या आहेत, खाणारे सगळे 19 च्या वरचे. एकाला काजू-पिस्त्याची ॲलर्जी, दुसरीला दुधाची. लोण्याऐवजी खायचं खोबरेल तेल घेतलंय; तूप नाही, कढवल्यावरही त्यात दुधाची प्रथिनं थोडी उरतात. लेसिथिन (तेल मिश्रणात एकजीव करणारा पदार्थ) सोयाचं नको, सूर्यफुलाचं.

खरी अडचण मिक्सरची. झाकणाच्या रबरी रिंगेखाली काजूची पूड चिकटून बसते, घासूनही पूर्ण निघत नाही. नवी रिंग पुरेल, की भांडंच वेगळं हवं? सिलिकॉनच्या जुन्या साच्यांचं काय करता?

डब्यावर सगळे घटक आणि प्रत्येक तुकड्यातलं टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) लिहिणार आहेच. पण नशेत ओठ सुजल्याचं, घसा आवळल्याचं पटकन लक्षात येत नाही. अशा वेळी सोबत शुद्धीतला माणूस आणि एपिपेन (ॲलर्जीच्या तीव्र झटक्यात द्यायचं इंजेक्शन) याची व्यवस्था कशी करता?