अनुभव धागा: आपण रचलेलं जग खेळाडूंच्या हाती गेल्यावर

टेबलटॉप आरपीजीसाठी (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र साकारत खेळायचा गोष्टीचा खेळ) स्वतःचं जग रचणाऱ्यांनो, इथे लिहा. जग कसं रचावं याचे सल्ले नकोत, खेळाडू त्यात शिरल्यावर काय झालं ते सांगा. सुरुवात मी करतो.

माझ्या जगाला दोन चंद्र आहेत. एकाचं चक्र २४ दिवसांचं, दुसऱ्याचं ३६. वर्षाच्या पहिल्या रात्री दोघांचीही पौर्णिमा. चोरांच्या एका पंथाची श्रद्धा अशी, की दोन्ही अमावास्या एकाच रात्री येतील तेव्हा राजाचा खजिना उघडा पडेल. सहाव्या सेशनला आमच्यातल्या एकीने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. पहिल्याची अमावास्या १२, ३६, ६० दिवसांनी. दुसऱ्याची १८ आणि ५४ दिवसांनी. ७२ दिवसांनी पुन्हा दोन्ही पौर्णिमा, मग तेच चक्र. म्हणाली, "दादा, ती रात्र येणारच नाही." मी तपासलं, तिचं बरोबर होतं. एका चंद्राचे दिवस बदलले असते तर भागलं असतं. पण तोवर बाकीच्यांनी ठरवूनही टाकलं, की पंथाच्या महंताला हे आधीपासून ठाऊक आहे. पुढचे चार महिने आम्ही त्या महंताच्या मागावर होतो. मी लिहिलेला तीस पानी इतिहास तेवढ्या काळात एकदाही उघडला नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटलं नाही.

*

माझं नकाशावर अडलं. डोंगरातून निघालेली एकच नदी मी पुढे तीन फाटे करून तीन राज्यांना वाटून दिली होती. आमच्यातला एक भूगोल शिकवतो. तो म्हणाला, नद्या वाटेत एकमेकींना मिळतात. अशा फुटतात त्या बहुधा मुखाशी, सपाटीवर. शिवाय समुद्राकडून येणारा वारा डोंगराच्या अलीकडे पाऊस पाडतो, पलीकडे पर्जन्यछाया. त्या रात्री नकाशा पुन्हा काढला. पाणी एकाच राज्याकडे राहिलं, दोन कोरडी पडली. युद्धाचं कारण मी महिनाभर शोधत होते, ते तिथेच मिळालं.

*

मी जग रचतच नाही, परिसर रचते. नकाशावरच्या एका हेक्सची (षटकोनी घराची) रुंदी ६ मैल, पायी दिवसाची चाल २४ मैल, म्हणजे चार हेक्स. पुढच्या सेशनला खेळाडू जिथवर पोचतील तेवढंच भरायचं. पूर्वी याची लाज वाटायची. मग कळलं, की लेखक एड ग्रीनवुडने 'फर्गॉटन रिल्म्स' हे आरपीजीतलं प्रसिद्ध जग लहानपणी आपल्या गोष्टींसाठी रचायला घेतलं होतं, म्हणजे १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा आरपीजी येण्याच्याही आधी, आणि त्या खेळासाठी ते स्वतंत्र संच म्हणून १९८७ साली बाजारात आलं. तेव्हापासून रिकामे हेक्स बघून घाई होत नाही.

*

नावांबद्दल लिहितो. माझे दोन राजे: अरवंत आणि अरमंत. दोघं एकाच कुळातले दाखवायचे होते, म्हणून मुद्दाम सारखी नावं. खेळाडूंनी तहाचं गुप्त पत्र घेऊन तीन सेशन प्रवास केला आणि ते भलत्याच राजाच्या हातात ठेवलं. चूक माझ्या नावांची, त्यामुळे "थांबा, हा तो नव्हे" असं सांगावंसं वाटत होतं. पण टेबलावर सगळे माझ्याकडे डोळे लावून बसले होते. मी अरमंताला पत्र वाचू दिलं.